कुरोइवाची रिकामी बाटली

१

बाटलीतला द्रव इतका नितळ होता की त्यातून पलीकडचं शेत दिसत होतं. साएगुसा मिनेकोनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. बर्फ वितळून काळी पडलेली जमीन, बर्चच्या झाडांची रांग, मागचे डोंगर, सगळं आरपार.

“तिसऱ्यांदा,” ओबाता म्हणाला. “या हंगामात तीनदा वीर्य घेतलं आणि तीनदा हेच. एक शुक्राणू दिसेल तर शपथ.”

ओबाता तोकाची जिल्ह्यातल्या घोड्यांच्या पैदास केंद्राचा प्रमुख. कमरेला रुंद पट्टा आवळून तो भिंतीला टेकून उभा होता. खुर्चीत बसलं की त्याला उठवायला दुसरं माणूस लागायचं, म्हणून तो बसतच नसे.

“तुम्ही इथं सही करायची, बस. ‘घोडा नापीक.’ शुक्रवारी ट्रक येतोय.”

ट्रक कुठला, हे मिनेकोनं विचारलं नाही. या भागात पैदाशीतून काढलेल्या घोड्याला न्यायला येणारा ट्रक एकाच ठिकाणी जातो, आणि तिथून घोडा किलोच्या भावानं बाहेर पडतो. आज मंगळवार होता.

मिनेको पशुवैद्य होती, जिल्ह्याच्या पशुचिकित्सालयात प्रयोगशाळा सांभाळायची. कुरोइवाला ती नावानं ओळखत होती. तोकाचीत कोण ओळखत नव्हतं? काळाकुळकुळीत, खडकासारखा, टनभर वजनाचा घोडा. शर्यतीत लोखंडी गाडं ओढून चढ चढणारे कितीतरी घोडे त्याच्या पोटचे.

“गेल्या वर्षी कसं होतं?” तिनं विचारलं.

“गेल्या वर्षी याच्या वीर्यानं भरवलेल्या जवळजवळ सगळ्या घोड्या गाभण राहिल्या. म्हणून तर लोक पेटलेत. एका हिवाळ्यात घोडा आटतो कसा, म्हणतात. कुणीतरी काहीतरी टोचलंय.”

“कुणी?”

ओबातानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “शिबुकावा तोकुजी.”

तोकुजी हा कुरोइवाचा मोतद्दार. त्याची बायको फुसाए याच केंद्रात घोड्यांचं वीर्य काढायची. मार्च लागता लागता अंगणातला बर्फ उपसताना ती कोसळली, ती उठलीच नाही. केंद्रातल्या शेडमध्ये घोड्यांच्या देवाचा देव्हारा आहे. त्यामुळे पन्नास दिवसांचं सुतक फिटेपर्यंत तोकुजीनं शेडचा उंबरा ओलांडायचा नव्हता.

“पण तबेल्यात येतो,” ओबाता म्हणाला. “लपून. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी असतं. लोकांनी पाहिलंय. बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी काही म्हणत नाही. मी सही मागतोय.”

मिनेकोनं पेनाला टोपण लावलं. “आधी मला घोडा बघू दे.”

२

कुरोइवानं तिचा कोट हुंगला आणि तोंड फिरवलं. डोळे स्वच्छ होते, केस चमकत होते. मिनेको त्याच्या पोटाखाली वाकली. वृषण दोन्ही हातांनी चाचपले, मापले. भरीव, घट्ट, एकसारखे.

“काही सापडलं का, डॉक्टरबाई?” मागून आवाज आला. “सुईचं भोक वगैरे?”

तो कुगिमिया होता. तिशीचा, कृषी महाविद्यालयातून शिकलेला, फुसाएच्या जागी नुकताच लागलेला. वीर्य काढायचं काम आता त्याच्याकडे होतं.

“तुम्हाला काय वाटतं, भोक सापडेल?”

“सापडलं तर बरं होईल. नाहीतर लोक माझ्याच नावानं शंख करतील. माझ्या मेहुण्याकडे एक तरणा घोडा आहे, तो केंद्रानं घ्यावा असं मी एकदा बोलून बसलो. आता मीच विष घातलं म्हणतात.” तो हसला, पण हसू पुरं झालं नाही.

मिनेको सरळ उभी राहिली. “विष कुणीच घातलेलं नाही. शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात. मार्चनंतर कुणी काही टोचलं असतं तरी आधी तयार झालेले एवढ्यात संपले नसते. आणि हिवाळ्यात टोचलं असतं तर हे असे भरीव राहिले नसते, आक्रसले असते.”

“म्हणजे तोकुजीकाका सुटले.”

“तुम्हीही सुटलात.”

कुगिमियाला आनंद व्हायला हवा होता. त्यानं बुटानं पेंढा उकरला. “मग शुक्राणू गेले कुठं?”

“तेच बघायचंय. माझ्यासमोर एकदा काढा.”

शेडच्या मधोमध लाकडी घोडी होती. जाड खांबावर गाद्या गुंडाळलेला एक ओबडधोबड सांगाडा. कुरोइवाला समोरून ओबातानं धरलं. डाव्या भिंतीत एक लहान दार होतं, उजवीकडे केंद्राच्या प्रयोगशाळेची खिडकी. कुगिमियानं कोमट पाण्यानं भरलेली कृत्रिम योनी, म्हणजे जाड चामड्याची ती नळी, दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून धरली होती. बादलीभर वजन असेल.

कुरोइवा उत्साहानं चढला. जोर लावू लागला. आणि मग, जोर चालू असतानाच, थबकला. त्यानं मान वळवली आणि डावीकडच्या लहान दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तो क्षणभर तसाच राहिला, पुन्हा अर्धवट जोर लावला, आणि खाली उतरला.

“दिलं,” कुगिमिया म्हणाला.

बाटलीत तेच नितळ पाणी होतं.

“शेवटी शेपूट वरखाली झाली का?” मिनेकोनं विचारलं. घोडा खरंच देतो तेव्हा शेपूट तशी हलतेच.

“झाली.”

मिनेकोची एक सवय होती. ज्या उत्तरावर तिचा विश्वास बसत नसे, तो प्रश्न ती त्याच शब्दांत, त्याच आवाजात पुन्हा विचारायची.

“शेवटी शेपूट वरखाली झाली का?”

कुगिमियानं नळीकडे पाहिलं. “झाली असावी.”

३

चिकित्सालयातलं यंत्र गायींच्या रक्ताच्या तपासणीसाठी होतं. कुरोइवाच्या बाटलीतले थेंब त्यात घालताना तिथली परिचारिका म्हणाली, “बाई, हे रक्त नाही.”

“यंत्राला कुठं ठाऊक आहे?”

मिनेको वाट पाहत डबा खात बसली. भात, मुळ्याचं लोणचं. डोक्यात एकच चित्र होतं: मान वळवून बंद दाराकडे बघणारा घोडा.

आकडा आला. तिनं तो वाचला, डब्याचं झाकण लावलं आणि ओबाताला फोन केला.

“सही होणार नाही. घोडा नापीक आहे असं मी म्हणू शकत नाही.”

“शुक्राणू नाहीत आणि नापीक नाही? बाई, विनोद करायची ही वेळ आहे का?”

“नीट ऐका. घोड्याचं वीर्य एकदम येत नाही. आधी पुढच्या ग्रंथींचं पाणी येतं, नितळ, वाट धुवून काढायला. मग खरं वीर्य येतं, वृषणांकडून, दुधाळ. रक्ततपासणीत एक अल्कलाइन फॉस्फटेज असतं, तुमच्या यकृताच्या रिपोर्टातही असेल.”

“आहे. वाढलेलं.”

“तेच वृषणांकडच्या द्रवात अफाट असतं, हजारोंनी. पुढच्या पाण्यात जवळजवळ नसतंच. शुक्राणू बनायचे थांबले असते, तरी मागचा द्रव बाटलीत आला असता आणि आकडा मोठा दिसला असता. या बाटलीत तो नगण्य आहे.”

ओबाता सावकाश म्हणाला, “म्हणजे ओटा धुतला, पण विहिरीत पोहरा गेलाच नाही.”

“तसंच. आता दोन शक्यता राहतात. एक तर मागची वाट तुंबली आहे. नाहीतर घोड्यानं वीर्य दिलेलंच नाही.”

“पण कुगिमिया तर म्हणतो दिलं. तीनदा म्हणाला. आज चौथ्यांदा.”

“हो,” मिनेको म्हणाली. “म्हणून उद्या सकाळी मी आधी त्यालाच भेटणार आहे.”

४

कुगिमिया नळी धूत होता. मिनेको बाजूच्या उलट्या बादलीवर बसली. पाण्याचा आवाज बराच वेळ चालला.

“तुम्ही विचारणार आहात,” शेवटी तोच म्हणाला.

“घोडा वीर्य देतो तेव्हा लिंगाच्या खालच्या बाजूला ठोके लागतात. लागोपाठ, हाताला स्पष्ट कळतात. वाट तुंबली असली तरी लागतात. तुम्हाला लागले?”

त्यानं नळ बंद केला. “नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही. पहिल्या दिवशी वाटलं, हातमोजा जाड असेल. दुसऱ्या दिवशी हातमोजा काढला.” तो ओल्या हातांकडे बघत राहिला. “फुसाएकाकूंच्या हाताखाली या घोड्यानं कधी नाही म्हटलं नाही, असं सगळे सांगतात. माझ्या हाताखाली तो देत नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? नोकरीला लागून महिना झाला नव्हता. ‘दिलं’ म्हटलं. वाटलं, उद्या देईल. मग तो रिकामा आहे असा बोभाटा झाला, आणि मला, खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. दोष घोड्याचा निघाला. ट्रकचं कळल्यापासून मात्र झोप नाही.”

“आता सांगितलंत ना.”

“आता काय उपयोग? तो देत नाही हे तर खरंच आहे.”

केंद्राच्या प्रयोगशाळेत हाझुकि सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसत होती. बाटली खिडकीतून घेणं, तपासणं, थंड पेटीत भरणं, हे तिचं काम. ती बोलकी होती. मिनेकोला गप्प बसण्यापलीकडे फार काही करावं लागलं नाही.

“फुसाएकाकू स्वभावानं लाख होती हो, पण एका बाबतीत चिक्कू. चहाच्या.”

“चहाच्या?”

“थर्मास घेऊन यायची, कुरोइवाच्या दिवशी. त्या डाव्या दारानं, थर्मास काखेत आणि गळ्यात टॉवेल. थंडीचे दिवस, आम्ही इथं काकडतोय. मी एकदा म्हटलं, काकू, घोटभर द्या. तर म्हणते, संपला. आणि झाकणातून वाफ येतेय. मी काय आंधळी आहे? तोकुजीकाकांसाठी ठेवत असेल म्हटलं, नवऱ्याचं कौतुक. पण त्यांनासुद्धा कधी ओतून दिलेला पाहिला नाही मी.”

“दुसऱ्या घोड्यांच्या दिवशी थर्मास नसायचा?”

हाझुकि विचारात पडली. “नाही. फक्त कुरोइवाच्या.”

“पहिल्यापासून?”

“नाही, नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी तो बर्फावर घसरून मागच्या अंगावर पडला होता ना, महिनाभर चालायचा नाही धड? त्यानंतर. बरा होऊन पुन्हा कामाला लागला तेव्हापासून.” मग तिनं काच खाली ठेवली. “तुम्ही असं का बघताय?”

५

तोकुजीचं घर केंद्राच्या आवारातच होतं. देव्हाऱ्यात फुसाएचा फोटो होता. हसताना डोळे मिटलेले. फोटोपुढे भाताची वाटी, एक सफरचंद, आणि एक जुना निळा थर्मास.

“तुम्ही सही करायला आलात ना,” तोकुजी म्हणाला. सत्तरीचा माणूस, आवाज चिरकलेला. “मला माहीत आहे ते काय म्हणतात. मी कशाला टोचू हो त्याला?”

“तुम्ही काही टोचलं नाही, दादा. ते सिद्ध झालंय. फडक्यात काय नेता, तेवढं सांगा.”

त्यानं सफरचंदाकडे बोट केलं. “हिच्यापुढचं. दुसऱ्या दिवशी त्याला नेऊन देतो. हिनंच दिलं असतं. शेडमध्ये नाही जात मी, तबेल्यातच देतो.” थोडं थांबून म्हणाला, “त्याला कुणी सांगितलं नव्हतं ना ती गेल्याचं. म्हटलं, आपण सांगावं.”

मिनेकोनं उदबत्ती लावली, हात जोडले. मग म्हणाली, “फुसाएबाई काम कसं करायच्या? तुम्ही समोर असायचात.”

“समोरच. त्याचं डोकं धरून. मागचं मला काय दिसणार, मध्ये एवढा डोंगर. पण तिच्यासारखी तीच. ती नळी केवढी जड, तुम्ही पाहिलीत? हा नवा पोरगा दोन्ही हातांनी धरून हाशहुश करतो म्हणे. ही खांद्यावर पेलायची, एका हातानं.”

“आणि दुसरा हात?”

“अं?”

“नळी एका हातानं. मग दुसऱ्या हातानं काय करायच्या?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न तोकुजीला पडलाच नव्हता.

“तो थर्मास बघू का?”

“बघा की. चहाचाच आहे. तिला फार चहा लागायचा.”

मिनेकोनं झाकण काढलं आणि थर्मास खिडकीकडे तिरका केला. चिकित्सालयातला तिचा स्वतःचा थर्मास आतून तपकिरी झाला होता, घासून घासूनही डाग जात नव्हता. याच्या आतलं पोलाद लखलखत होतं. फक्त तळाशी पांढरा खरखरीत थर बसलेला, साध्या पाण्याचा क्षार.

“तोकुजीदादा,” ती हळूच म्हणाली, “यात चहा कधी घातलाच नाही.”

तोकुजी पुढे वाकून आत डोकावला.

“यात कढत पाणी असायचं. गळ्यातला टॉवेल त्यात बुडवून, पिळून, त्या घोड्याच्या लिंगाच्या मुळाशी दाबून धरायच्या, दुसऱ्या हातानं. बर्फावर पडला तेव्हा याची पाठ दुखावली असणार. असा घोडा चढतो, जोर लावतो, पण शेवटी पाठीत कळ येते आणि देत नाही. तिथं ऊब मिळाली की देतो. हा उपाय आम्हा डॉक्टरांना माहीत आहे. पण कुरोइवाला त्याची गरज आहे, हे कुणाला माहीत नव्हतं.”

“तिचे हात,” तोकुजी म्हणाला. “उजवा हात भाजल्यासारखा लाल असायचा. म्हणायची, शेगडी.” त्यानं थर्मास तिच्याकडून घेतला, दोन्ही हातांत धरला. “पण मला का नाही सांगितलं? मला?”

“दरवर्षी घोड्यांची तपासणी होते. पाठ कशी आहे, हे मोतद्दाराला विचारतात, आणि दुखावलेला घोडा पैदाशीतून काढतात. तुम्ही काय सांगितलं असतं?”

बाहेर वळचणीवरून वितळलेलं पाणी ठिबकत होतं.

“खरं सांगितलं असतं,” तोकुजी म्हणाला. “मला खोटं बोलता येत नाही. ती नेहमी म्हणायची, तुला कुठलं गुपित सांगण्यापेक्षा बाजारात दवंडी पिटलेली बरी.” तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा मोडला.

६

बुधवारी दुपारी सगळे शेडमध्ये जमले. डावं दार उघडं ठेवलं. उंबऱ्याबाहेर, सुतक पाळून, तोकुजी उभा राहिला. कुगिमियानं नळी धरली, ओबातानं डोकं. टॉवेल मिनेकोनं घेतला. थर्मास उघडताच वाफ वर आली, आणि कुरोइवानं कान टवकारले.

तो चढला. थबकला. दाराकडे पाहिलं.

“अरे, मी आहे,” तोकुजी बाहेरून म्हणाला. “ती नाही. तू कर आपलं काम.”

मिनेकोनं टॉवेल दाबला. तळहात पोळला. मग तिला बोटांखाली ठोके लागले, एकापाठोपाठ एक, आणि त्याच क्षणी कुगिमिया जवळजवळ कुजबुजला, “लागले. डॉक्टरबाई, लागले.” काळी शेपूट पंपाच्या दांड्यासारखी वरखाली झाली.

बाटली पांढरी होती. घट्ट, साईसारखी. खिडकीतून ती आत गेली. ओबातानं पट्टा सैल केला. कुगिमिया भिंतीला टेकून खालीच बसला.

हाझुकि खिडकीत परत आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता.

“शुक्राणू आहेत,” ती म्हणाली. “इतके की मोजता येत नाहीत. पण मेलेले आहेत. सगळे. कित्येकांची डोकी शेपटांपासून तुटलीत.”

उंबऱ्याबाहेर तोकुजीनं मान खाली घातली.

“म्हणजे गेलाच,” ओबाता म्हणाला. “पाठही गेली आणि बीही गेलं. बाई, तुम्ही खूप केलंत. पण शुक्रवार—”

“शुक्रवार अजून यायचाय,” मिनेको म्हणाली. “तुमच्या घराला उन्हाळाभर कुलूप असलं आणि परत येऊन नळ सोडला, तर पहिलं पाणी कसं येतं?”

“गंजकं.”

“म्हणून तुम्ही विहीर बुजवता का? गेल्या हंगामापासून यानं एकदाही खरं दिलेलं नाही. तयार झालेले शुक्राणू आत साठून साठून मेलेत. ते बाहेर काढावे लागतील. उद्या सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, परवा सकाळी पुन्हा. मग जे येईल त्यावर मी सही करीन. जे काही असेल त्यावर.”

“आणि परवाही मेलेलेच निघाले तर?”

मिनेकोनं पोळलेला हात कोटाच्या खिशात घातला. “तर ट्रक तुमचा.”

गुरुवारी सकाळची बाटली पांढरी होती आणि तीतले शुक्राणू मेलेले. संध्याकाळी हाझुकि सूक्ष्मदर्शकावर वाकून म्हणाली, “एक हलला. नाही, दोन. बाई, इकडे या. कोपऱ्यात.” त्या रात्री मिनेको प्रयोगशाळेतून निघाली तेव्हा तिला माहीत होतं की दोन शुक्राणूंवर सही करता येत नाही.

७

शुक्रवारी ट्रक ठरल्यापेक्षा लवकर आला. चालक उतरला, फाटकापाशी सिगारेट पेटवली. “कुठला न्यायचा?” त्यानं विचारलं.

शेडमध्ये थर्मास घेऊन आज कुगिमिया स्वतः आला, डाव्या दारानं. टॉवेल त्याच्या गळ्यात होता. “मलाच शिकावं लागेल ना,” तो मिनेकोला म्हणाला. त्यानं नळी खांद्यावर घेतली, एका हातानं पेलली, डगमगला, सावरला. दुसऱ्या हातानं टॉवेल पिळला.

“जरा मागे धर,” तोकुजी उंबऱ्याबाहेरून म्हणाला. “म्हणजे मला काय माहीत, मी कुठं पाहिलंय. पण तिचा खांदा असा तिरका असायचा.”

कुरोइवानं दाराकडे पाहिलं. तोकुजीला पाहिलं, टॉवेलवाल्याला पाहिलं. आणि कामाला लागला.

बाटली दुधासारखी होती. साईसारखी नव्हे, दुधासारखी. हाझुकिनं थेंब काचेवर घेतला, वाकली, आणि मग खुर्चीवरून उठून मिनेकोला जागा दिली.

मिनेकोनं डोळा लावला. वळवाच्या पावसात डबक्याचं पाणी जसं थरथरतं तसा काचेवरचा अख्खा थेंब थरथरत होता. शुक्राणू पुढे पुढे, सरळ रेषेत, एकमेकांना ओलांडत निघाले होते. ती गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

“ओबातासाहेब, या.”

ओबाता आला. वाकणं त्याला जमत नव्हतं. त्यानं टेबलाला धरून, कण्हत कण्हत डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. खूप वेळ वाकून राहिला.

“बी चांगलं आहे,” तो सरळ होत म्हणाला. “पण बाई, पाठ दुखावलेली आहे, हेही खरं. नियमाप्रमाणे दुखावलेला घोडा—”

“पाठ बर्फावर पडून दुखावली. ती शिंगरांमध्ये उतरत नाही. वीर्यात जे उतरतं ते तुम्ही आता पाहिलंत. मी दोन्ही गोष्टी लिहिणार आहे. लपवणार नाही. ठरवायचं तुम्ही.”

उंबऱ्याबाहेर तोकुजी टोपी हातात घेऊन उभा होता. आत कुगिमिया नळी छातीशी धरून. ओबातानं खिडकीतून दोघांकडे पाहिलं, मग कुरोइवाकडे. मग पट्टा एक भोक आवळला.

“पाठ दुखते म्हणून ट्रकात घालायचं ठरलं,” तो म्हणाला, “तर आधी मलाच चढवावं लागेल.” आणि लंगडत फाटकाकडे गेला. रिकाम्या ट्रकचा पत्रा बऱ्याच लांबपर्यंत खडखडत होता.

सुतक फिटल्यावर तोकुजी शेडमध्ये परतला. जूनमध्ये मिनेको घोड्या तपासायला केंद्रावर गेली, तेव्हा कुरोइवाचाच दिवस होता. पाऊस भुरभुरत होता. लांबून घोडी घेऊन आलेला एक मालक ओल्या कोटात कुडकुडत शेडच्या कडेला उभा होता. कुगिमिया डाव्या दारानं आला, निळा थर्मास काखेत.

“काय हो,” मालक म्हणाला, “घोटभर चहा मिळेल का?”

कुगिमियानं समोर पाहिलं. कुरोइवाचं डोकं धरून तोकुजी उभा होता. तो छताकडे बघू लागला.

“संपला,” कुगिमिया म्हणाला.

झाकणातून वाफ येत होती.